लांगे १ : बंद पाठीची जुनी घ्यावी का काचेच्या पाठीची?

इसारकाठी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथले घड्याळांचे धागे नुसते वाचतोय, आज पहिल्यांदाच काहीतरी विचारतोय. मी म्युनिकला नोकरीला आहे, मूळचा साताऱ्याचा. किल्लीच्या घड्याळांचं वेड जुनं आहे, सध्या हातात नोमोस टांगेंटे असतं आणि एक युंगहान्स माक्स बिल आहे, दोन्हीवर जीव आहे पण मनात पहिल्यापासून एकच, ए. लांगे उंड झ्योने या जर्मन कंपनीचं लांगे १. ते डावीकडे सरकवलेले तास-मिनिटं, वर मोठी तारीख, उजवीकडे किल्ली किती शिल्लक ते दाखवणारा काटा. पहिल्यांदा शोकेसमध्ये बघितलं तेव्हापासून डोक्यातून गेलं नाही.

बोनस बाजूला टाकत गेलो, आता २५ हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. नवीन यात येत नाही हे माहितीये म्हणून सेकंडहँड. दोन घड्याळं समोर आहेत, दोन्ही पिवळ्या सोन्यात, किंमतही जवळजवळ सारखीच.

एक नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं, अगदी सुरुवातीचं, पाठ बंद म्हणजे पूर्ण सोन्याची. बॉक्स आहे, सर्टिफिकेट नाही. दुकानदार 'रेअर रेअर' म्हणून मागे लागलाय.

दुसरं २००० नंतरचं, काचेची पाठ, सर्टिफिकेट, बॉक्स, सर्व्हिसची पावती सगळं जागेवर.

विकायचं नाहीये, हातातच घालणार. पण उगाच फसायचंही नाही. बंद पाठीचं खरंच इतकं दुर्मिळ आहे का, आणि असलं तरी मूव्हमेंट म्हणजे आतलं यंत्रच दिसत नसेल तर लांगे घेण्यात काय अर्थ असं सारखं वाटतंय. जाणकारांनी सांगा प्लीज.

ड्रेस्डेनकर:
मी ड्रेस्डेनला राहते, लांगेचं गाव ग्लासह्युटे इथून तासाभरावर आहे, त्यामुळे या विषयावर मला थांबवणं कठीण आहे हे आधीच सांगते.

बंद पाठीचं दुर्मिळ आहे, यात दुकानदार खोटं बोलत नाहीये. २४ ऑक्टोबर १९९४ ला ड्रेस्डेनच्या राजवाड्यात, कंपनी पुन्हा उभी करणाऱ्या वॉल्टर लांगे आणि ग्युंटर ब्ल्यूमलाइन यांनी जी चार घड्याळं दाखवली, लांगे १, सॅक्सोनिया, आर्काडे आणि टूरबिलन पूर ल मेरिट, तेव्हाची लांगे १ बंद पाठीचीच होती. काचेची पाठ थोड्याच काळात आली आणि मग तीच राहिली. म्हणजे बंद पाठीचा काळ छोटा, म्हणून संख्या कमी. अजून एक गंमत, त्या दिवशीच्या घड्याळांवर तारीख २५ लावलेली होती, कारण फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून येणार होते. इतका बारीक विचार करणारी माणसं होती ती.

आणि मोठी तारीख कुठून आली ते बघायचं असेल तर इथे ये, झेम्पर ऑपेराच्या रंगमंचावर वरच्या बाजूला पाच मिनिटांनी आकडा बदलणारं घड्याळ आहे. मूळ घड्याळ १८४१ चं, गुटकेस नावाच्या दरबारी घड्याळजीने केलेलं, आणि फर्डिनांड अडॉल्फ लांगे त्याच्याच हाताखाली शिकला, पुढे त्याचा जावईही झाला. मग १८४५ मध्ये सॅक्सनी सरकारकडून कर्ज घेऊन तो ग्लासह्युटेला गेला. त्या खोऱ्यात चांदीच्या खाणी संपल्या होत्या, लोक अत्यंत गरीब, त्यांची पोरं हाताशी धरून त्याने घड्याळाचं काम शिकवलं. अख्खं गाव त्यावर उभं राहिलं. ८ मे १९४५ ला, युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवशी, कारखान्यावर बाँब पडले, पुढे सोव्हिएत लोकांनी मशिनरी उचलून नेली, १९४८ ला कंपनी सरकारजमा झाली आणि १९५१ मध्ये गावातले सगळे कारखाने एकत्र करून जी.यू.बी. नावाची एकच सरकारी कंपनी झाली. लांगे हे नाव डायलवरून गेलंच. वॉल्टर लांगे पश्चिमेला पळून गेले होते, बर्लिनची भिंत पडल्यावर साठी उलटलेल्या माणसाने ७ डिसेंबर १९९० ला कंपनी परत रजिस्टर केली, पणजोबांनी सुरू केली होती त्याच तारखेला, बरोबर १४५ वर्षांनी. तेव्हा त्यांच्याकडे ना इमारत ना मशीन ना कामगार. चार वर्षांत लांगे १.

म्हणून सुरुवातीच्या घड्याळाबद्दल मला वेगळंच प्रेम आहे. पण तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर तरी काचेची पाठ हेच आहे, कारण तू हातात घालणार आहेस आणि ग्लासह्युटेचं खरं काम मागच्या बाजूला आहे. रोज रात्री काढताना उलटं करून बघशील.

भिंगवाला:
पुण्यात माझं घड्याळ दुरुस्तीचं काम, आयुष्य त्यातच गेलं, मुलगा बर्लिनला असल्यामुळे ग्लासह्युटे दोनदा बघून झालंय. दुर्मिळ की नाही हा वाद मी घालणार नाही, मला एवढंच विचारायचंय की दोन्ही घड्याळांच्या केस किती घासलेल्या आहेत. हे कोणीच सांगत नाही आणि सगळी किंमत तिथे आहे.

लांगे १ ची केस नीट बघ. वरची कडा पॉलिश, पट्टा लागतो ते कान पॉलिश, आणि मधली बाजूची पट्टी ब्रश केलेली, म्हणजे मॅट. ही तीन कामं जिथे एकमेकांना भेटतात तिथे रेघ कापल्यासारखी स्वच्छ पाहिजे. कुणी बफवर धरलं की पहिली हीच रेघ विरघळते, मॅट पट्टीवर चमक चढते, कान गोल आणि बारीक होतात. मग कानामागचे सोन्याचे शिक्के बघ, ७५० वगैरे. ते बोटाला लागतील इतके खोल असायला पाहिजेत, पुसट दिसले तर समजायचं सोनं गेलं. गेलेलं सोनं परत येत नाही, नवीन केस करून घ्यायची तर गोष्ट वेगळी.

पाठीच्या स्क्रूंच्या खाचा भिंगातून बघ. खाच चेपलेली, ओरखडलेली असेल तर कुणीतरी अंदाजाच्या स्क्रूड्रायव्हरने उघडलंय आणि पाठ उघडताना असं वागलाय तो आत कसा वागला असेल याचा विचार कर.

आता आतलं. ताईंनी मागच्या बाजूबद्दल लिहिलंय ते खरंय, पण तिथे काय बघायचं हे सांगतो कारण नुसतं 'सुंदर आहे' म्हणून पैसे द्यायचे नसतात. स्विस घड्याळात साधारण वेगवेगळे ब्रिज, म्हणजे चाकं धरणाऱ्या पट्ट्या, असतात, ग्लासह्युटेत तीन-चतुर्थांश प्लेट, म्हणजे एकच मोठी प्लेट बहुतेक सगळ्या चाकांना झाकते आणि फक्त बॅलन्स (झोके घेणारं चाक) आणि एस्केपमेंट (त्याला ठोका देणारा भाग) मोकळं राहतं. चाकांचे आस एकाच प्लेटमध्ये बसल्यामुळे जोडणी मजबूत होते, पण ती एक प्लेट बसवताना सगळे आस एकाच वेळी आपापल्या भोकात यावे लागतात, हात शिकलेला नसेल तर एखादा आस मोडलाच समजा. प्लेट जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, चांदी औषधालाही नाही, आपल्याकडे देवघरातली भांडी असायची तीच जात. यावर लांगेवाले कसलाही मुलामा देत नाहीत, उघडीच ठेवतात, त्यामुळे वर्षानुवर्षं ती पिवळसर मधासारखी होत जाते. आणि म्हणूनच बोटाचा एक ठसा किंवा स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा कायमचा दिसतो. निकेल किंवा रोडियमच्या मुलाम्याखाली जे लपतं ते इथे लपत नाही.

त्या प्लेटमध्ये माणकं सोन्याच्या कड्यांत बसवलेली असतात आणि ती कडी बारक्या निळ्या स्क्रूंनी धरलेली. स्क्रूचा निळा रंग हा रंग नाही, स्टीलला साधारण तीनशे डिग्रीपर्यंत तापवलं की वरच्या थरावर तो येतो, आणि क्षणभर जास्त झालं की जांभळ्या-निळ्याचा करडा होतो, तो स्क्रू फेकून द्यायचा. फोटो मोठा करून बघ, सगळ्या स्क्रूंचा निळा एकसारखा पाहिजे. एखादा वेगळा दिसला तर बदललेला आहे. बॅलन्सला वरून धरणाऱ्या छोट्या पट्टीवर, म्हणजे कॉकवर, हाताने कोरलेली फुलं असतात, प्रत्येक कोरणाऱ्याचा हात वेगळा, त्यामुळे दोन घड्याळं कधीच सारखी नसतात. कंपनी प्रत्येक मूव्हमेंट दोनदा जोडते. एकदा जोडून चालवून बघायचं, मग सगळं सोडवून साफ करून, पॉलिश पूर्ण करून, निळे स्क्रू घालून परत जोडायचं. मी हे तिथे काचेतून बघितलं, पाय निघत नव्हता.

बंद पाठीच्या घड्याळाची पाठ दुकानदाराने त्याच्या घड्याळजीकडून उघडून फोटो दिलेच पाहिजेत. नाही म्हणाला तर विषय संपला.

किल्ली_काटा:
मी दुबईत असतो, मुंबईचा, जर्मन घड्याळंच जमवतो, त्यामुळे मला थोडा विरोध करू द्या.

बंद पाठ असली तर काही दिसत नाही हे बरोबर, पण तीच तर त्या घड्याळाची खरी ओळख आहे. कंपनीला १९९४ मध्ये कोणी ओळखत नव्हतं. हे लोक मार्केटिंगची लढाई खेळायला उतरले नव्हते, त्यांनी आत जे केलंय ते सोन्याच्या झाकणाखाली बंद करून दिलं. जुनी लांगेची खिशातली घड्याळंसुद्धा अशीच, झाकण उघडल्याशिवाय आतलं काम दिसत नाही. शिवाय जड सोन्याची पाठ मनगटावर जी लागते ती काचेची लागत नाही. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत आणि मी बंद पाठीचं जास्त घालतो.

पण सर्टिफिकेट नसलेलं? तिथे मी थांबलो असतो. लांगेच्या सर्टिफिकेटवर केस नंबर आणि मूव्हमेंट नंबर दोन्ही असतात. दोन्ही घड्याळावरच्या नंबरांशी जुळतात का हे बघितल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही. सर्टिफिकेट नसेल तर बुटिकमध्ये जाऊन दोन्ही नंबर देऊन चौकशी कर, आणि चोरीच्या घड्याळांच्या डेटाबेसमध्ये नंबर टाकून बघ. दुर्मिळपणासाठी जास्त पैसे मागतो तर दुर्मिळपणाचा कागद पण त्यानेच द्यायला पाहिजे, आणि इथे तर किंमत सारखीच मागतोय म्हणजे त्यालाही काहीतरी माहिती आहे.

आणि एक, दुर्मिळ दुर्मिळ म्हणून डोकं फिरवून घेऊ नकोस. लांगेची सगळी घड्याळंच कमी बनतात. खरोखर अवघड म्हणजे स्टीलमधलं जुनं लांगे १, ते अगदी मोजकेच आहेत, लिलावात आलं की संग्राहकांचे फोन सुरू होतात. किंवा प्लॅटिनम आणि काळ्या डायलचं, ज्याला लोक डार्थ म्हणतात. त्यांच्यापुढे पिवळ्या सोन्यातलं बंद पाठीचं म्हणजे दुर्मिळ आहे पण मिळतं. वाट बघितलीस तर कागदांसकट मिळेल.

सह्याद्रीतला_वारा:
एवढे पैसे ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठीही दोन ओळी लिहितो कारण हा धागा वाचून घाबरायला होईल. ग्लासह्युटेची घड्याळं शंभर-दोनशे युरोतही मिळतात. जी.यू.बी.चं स्पेझिमॅटिक, पूर्व जर्मनीचं, १९६४ पासून आलेलं ऑटोमॅटिक, ड्रेस्डेनला एल्बेकाठच्या शनिवारच्या जुन्या बाजारात मी घेतलं. स्टील केस, सपाट, वेळ चांगली पाळतं. त्याच गावात, त्याच लोकांच्या हातचं, फक्त वेगळ्या राज्यात. आजचं ग्लासह्युटे ओरिजिनल हे त्याच जी.यू.बी.चं खाजगीकरण होऊन आलं आणि आता स्वाच ग्रुपकडे आहे, लांगे रिशमाँकडे, आणि नोमोस स्वतंत्र, जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत. गाडीतून उतरलं की समोरच.

आणि डायलवर ग्लासह्युटे लिहायचं असेल तर मूव्हमेंटच्या किमतीतलं निम्म्याहून जास्त काम गावातच झालेलं असावं लागतं, २०२२ पासून तर जर्मन सरकारचा तसा नियमच आहे. हे मला फार आवडतं.

इसारकाठी:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. भिंगवाला काका, तुमचं वाचून दुकानदाराला कानाच्या मागचे, बाजूच्या पट्टीचे आणि पाठीच्या स्क्रूंचे जवळून फोटो मागितले. बंद पाठीच्या घड्याळाचे शिक्के पुसट आहेत, एक तर वाचताच येत नाही, आणि मॅट पट्टी अक्षरशः आरशासारखी चमकतेय. पाठ उघडून फोटो द्यायला तो तयार नाही, म्हणे "वॉरंटीचा प्रश्न येतो".

दुसऱ्याचे शिक्के खोल, रेघा स्वच्छ. सर्व्हिसची पावती ग्लासह्युटेचीच आहे. अजून दोन शंका. एक म्हणजे २०१५ नंतरचं लांगे १ वेगळ्या मूव्हमेंटचं आहे म्हणतात, तर जुनं घेऊन पस्तावणार तर नाही ना? आणि दुसरं, माझा भाऊ पुण्याहून जुलैमध्ये येतोय, तो म्हणतो मी बिल माझ्या नावावर करतो, जर्मनीचा टॅक्स परत मिळेल. असं करता येतं का?

किल्ली_काटा:
आरशासारखी मॅट पट्टी! सोडून दे ते, मी वर बंद पाठीची वकिली केली पण या घड्याळासाठी नाही.

टॅक्सचं: परदेशी पर्यटकाला जर्मनीत नवीन मालावरचा १९ टक्के व्हॅट परत मागता येतो, पण सेकंडहँड घड्याळं दुकानदार बहुतेक वेळा फक्त आपल्या नफ्यावर टॅक्स भरून विकतो, बिलावर व्हॅट वेगळा दाखवलेलाच नसतो, मग परत काय मिळणार. आणि भाऊ ते हातात घालून भारतात उतरला की कस्टमचा प्रश्न वेगळा, सोन्याचं घड्याळ आहे, लाल चॅनेलला जाऊन जाहीर करावं लागेल आणि ड्यूटी बसेल. तू तिथे राहतोस, तूच वापरणार, बिल तुझ्याच नावावर ठेव. भावाच्या नावावर करून तू वापरायचं हे तर कायद्याच्याही विरुद्ध जाईल. भारतात घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्यांच्यासाठी सांगतो, एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या घड्याळावर दुकानदार एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केलेला टॅक्स, घेतो, तो पुढे इन्कम टॅक्समध्ये वळता होतो, पण बिलावर पॅन लागतो हे लक्षात ठेवा.

आणि खाजगी माणसाकडून न घेता दुकानातून घेतोयस हे चांगलंय. जर्मनीत दुकानदाराला सेकंडहँड मालावरही जबाबदारी घ्यावी लागते, निदान वर्षभर. ऑनलाइन मागवलंस तर चौदा दिवसांत परत करता येतं. खाजगी विक्रेता हात वर करू शकतो.

ड्रेस्डेनकर:
मूव्हमेंटचं मी सांगते. जुन्यात एल ९०१.०, २०१५ पासून एल १२१.१. दोन्हींची किल्ली तीन दिवस चालते, दोन मेनस्प्रिंगची डबी, केस ३८.५ मिलीमीटर तीच. डोळ्यांना दिसेल असा फरक तारखेत आहे. नव्यात मध्यरात्री तारीख एकदम टक्कन बदलते, जुन्यात हळूहळू सरकत बदलते. कुणाला ती टक्कन बदलणारी आवडते. माझं मत विचारशील तर जुनी मूव्हमेंट हीच लांगे १ ची मूळ मूव्हमेंट आहे, ब्ल्यूमलाइनच्या काळात केलेली, आणि तो माणूस २००१ मध्ये फार लवकर गेला. ती हातात असणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

घ्यायच्या आधी इथे ये मात्र. ड्रेस्डेनहून हायडेनाउला गाडी बदलायची, मग म्यूग्लिट्झ नदीच्या काठाकाठाने छोटी गाडी जाते, २००२ च्या पुरात ही सगळी दरी वाहून गेली होती. जुन्या घड्याळ शाळेच्या इमारतीत म्युझियम आहे. ही शाळा १८७८ ची, इथेच आल्फ्रेड हेल्विगने १९२० मध्ये वरून पुलाचा आधार नसलेलं टूरबिलन, म्हणजे बॅलन्ससकट फिरणारा पिंजरा, केलं. खिशातली जुनी लांगे आधी बघ, मग लांगे १ ची किंमत दुकानदाराच्या तोंडून ऐकायची गरज राहणार नाही.

भिंगवाला:
ग्लासह्युटेच्याच मोरित्झ ग्रोसमानचं कुणी विचारलंच नाही म्हणून सांगतो, काम अप्रतिम, काटे हाताने घासून तपकिरी-जांभळे तापवलेले असतात, २००८ पासूनची कंपनी. पण सर्व्हिसला माणसं मोजकीच, परत विकायला गेलास तर गिऱ्हाईकही मोजकं. पहिलं घड्याळ लांगे घे, मग पुढचं बघू.

दुकानात गेलास की हे कर. आधी पूर्ण किल्ली दे, हाताला शेवटपर्यंत एकसारखी लागली पाहिजे, कुठे अडकली किंवा कुरकुरली तर थांब. उजवीकडचा काटा 'आउफ' म्हणजे पूर्ण किल्लीच्या खुणेपर्यंत चढतोय ना ते बघ. मग काटे फिरवून वेळ सकाळी दहाच्या आसपास आण, म्हणजे तारखेची यंत्रणा मोकळी असते, आणि डाव्या बाजूच्या बटणाने तारीख पुढे ढकलत ३१ वर ने. आता परत बटण दाब. दशकाच्या खिडकीतला ३ जाऊन ती खिडकी रिकामी व्हायला पाहिजे, आणि शेजारचा १ जागेवरच राहायला पाहिजे, जराही थरथरता कामा नये. जुन्या मालात इथेच लंगडतं, एक आकडा खिडकीच्या मध्यावर बसत नाही, वर किंवा खाली राहतो. नीट बसला तर दहा मिनिटं डायल खाली करून टेबलावर ठेव, मग भिंगाने बॅलन्स बघ, झोका मोठा आणि शांत पाहिजे. दुकानात टायमिंग मशीन असेलच, पाच-सहा पोझिशनचे आकडे कागदावर लिहून घे आणि इथे टाक, मी बघून सांगतो.

आणि सर्व्हिसला द्यायची वेळ येईल तेव्हा फॉर्मवर ठळक अक्षरात लिही, केस पॉलिश करायची नाही.

इसारकाठी:
काका, शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतलीय, आकडे संध्याकाळी टाकतो. भिंग दहा पटीचं चालेल ना?

भिंगवाला:
दहा पटीचं बरोबर. त्याच्यावरचं नको, हात थरथरतो आणि मग सगळंच खराब दिसायला लागतं.